एकाच केसपेपरवर : यवतमाळ जिल्ह्यातील मानसिक आरोग्यसेवेची वाटचाल

सरकारी दवाखान्यात माणसाची पहिली गाठ केसपेपरच्या खिडकीशी पडते. नाव, गाव, वय सांगायचे आणि 'काय होते?' या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर द्यायचे. यवतमाळात हे उत्तर वऱ्हाडीत येते. 'छातीत धडधड करते.' 'अंगात जीव नाही राह्यला.' 'रातभर झोपच नाही लागत.' मग मेडिसिनची ओपीडी, रक्त-लघवीची तपासणी, ईसीजी, आम्लपित्ताच्या गोळ्या. रिपोर्ट नॉर्मल येतात आणि माणूस बरा न होताच गावी परततो. महिन्याभराने तो पुन्हा खिडकीशी उभा असतो. हाती नवा केसपेपर, तक्रार तीच. बोंडअळीने नेलेला कापूस, सावकाराचा निरोप, लेकीचे तोंडावर आलेले लग्न, संध्याकाळी वाढत चाललेली दारू यांतले काहीच त्या कागदावर उतरत नाही. कुणी विचारलेले नसते, आणि हेही दवाखान्यात सांगायचे असते हे त्याला ठाऊक नसते.

या जिल्ह्यातील मानसिक आरोग्यसेवेचा इतिहास म्हणजे त्या केसपेपरवर मनासाठी जागा कशी होत गेली, याची हकीकत आहे. ही सेवा एका इमारतीत मावत नाही आणि तिचा कुणी एक संस्थापकही नाही. वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि गावोगावच्या आशाताई अशा अनेक हातांनी ती उभी राहिली. म्हणून स्मरणिकेतील हा लेख त्या सर्वांच्या कामाची नोंद आहे.

नागपूरची वाट

यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा. तालुके सोळा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांवर. एका टोकाला उमरखेड, दुसऱ्या टोकाला वणी. दोन्हीकडून जिल्ह्याचे ठिकाण गाठायला शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. जुन्या काळी मनाचा आजार झालेल्या माणसासाठी यवतमाळदेखील पुरे पडत नसे. त्याची वाट नागपूरला जाई. १८६४ साली सुरू झालेले नागपूरचे मनोरुग्णालय हेच वऱ्हाडाचे मोठे आश्रयस्थान होते.

त्या वाटेवर डॉक्टरच्या आधी पोलीस आणि मॅजिस्ट्रेट भेटत. १९१२ चा भारतीय वेडेपणाचा कायदा १९९३ पर्यंत चालला. १९८७ साली नवा कायदा संमत झाला, पण अंमलात यायला सहा वर्षे गेली. मनोरुग्णालयात भरती करायची म्हणजे बहुधा कोर्टाचा हुकूम. घरच्यांना दोन दिवसांची मजुरी सोडून, बांधून आणलेल्या माणसाला एसटीत बसवून नेण्याची लाज आणि धास्ती पत्करावी लागे. त्यामुळे फार बिघडलेले रुग्णच तिथवर पोहोचत. उदासी, घबराट, व्यसन, बाळंतपणानंतरचे आजार असे रोजचे दुखणे घरातच राही. देवऋषी, दर्गा, अंगारा आणि शेवटी मौन, एवढेच त्याचे उपचार होते.

देशपातळीवर विचार बदलू लागला तो १९७५ च्या सुमारास. बंगळूरजवळच्या सकलवाड्यात आणि चंडीगडजवळच्या रायपूर रानीत असा प्रयोग झाला, की मनोविकारांची ओळख आणि सोपे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना शिकवता येतात का. ते येतात, असे दिसल्यावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात तो पडताळून पाहिला गेला आणि १९९६ पासून 'जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम' या नावाने देशभर टप्प्याटप्प्याने पसरला. त्याचे मूळ सूत्र साधे होते : मनाच्या आजारासाठी वेगळे घर बांधण्यापेक्षा, जिथे ताप आणि खोकला घेऊन माणूस येतोच, तिथेच त्याच्या मनाचीही विचारपूस व्हावी.

महाविद्यालय आले

१९८९ साली यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुसद तालुक्यातील गहुली गावी जन्मलेले आणि ११ वर्षे राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक यांचे नाव त्याला मिळाले. या घटनेचे मोल पदव्यांत मोजू नये. ज्या जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञ भेटणे ही नवलाई होती, तिथे मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग आणि मानसोपचार एका आवारात आले. नागपूरचे अंतर एका जिन्याइतके झाले. वणीकडची, पांढरकवड्याकडची माणसे आजही सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत जातात आणि त्या संस्थांचे ऋण जिल्ह्यावर आहे. परंतु रात्री दोन वाजता विष प्यालेल्या माणसाला घेऊन जीप धावते ती बहुधा यवतमाळकडेच.

तरी एका आवारात असणे म्हणजे एकत्र काम करणे नव्हे, हे लवकरच कळले. मेडिसिनच्या डॉक्टरने 'मानसोपचारास दाखवा' असे लिहिले की घरचे विचारत, 'म्हणजे तो पागल आहे काय, साहेब?' आणि ती चिठ्ठी खिशात घालून परस्पर एसटी स्टँड गाठत. चिठ्ठी पुढच्या ओपीडीत पोहोचायची असेल तर तिच्यासोबत माणूस लागतो, हा या सेवेने गिरवलेला पहिला धडा. म्हणूनच वैद्यकीय समाजसेवकाचे पद मोलाचे. रुग्णाचा हात धरून 'चला, मी येतो तुमच्याबरोबर' म्हणणारा कर्मचारी जेवढे साधतो, तेवढे नुसत्या कागदाने साधत नाही.

कापसाची वर्षे

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवनाचा शेवट केला. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या दुःखद यादीत ही घटना पहिली मानली जाते. पुढच्या दोन दशकांत यवतमाळचे नाव देशभर गेले, ते याच दुःखाने. २००६ च्या जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यात कर्ज, व्याज, सिंचन, बियाणे यांचा विचार होता, आणि तो हवाच होता. कोरडवाहू कापूस, पडते भाव आणि सावकारी या प्रश्नांना गोळी लागू पडत नाही. जो कुणी शेतकऱ्याच्या मरणाला निव्वळ 'नैराश्याचा आजार' म्हणेल, तो त्या शेतकऱ्यावर अन्याय करील.

पण उलटा अन्यायही होत आला. कर्ज सगळ्या गावाला असते आणि विषाच्या डब्याकडे हात एखाद्याचाच जातो. त्या एकाची झोप आधी महिनाभर उडालेली असते, जेवण तुटलेले असते, तो पारावर बसायचा बंद झालेला असतो, दारू वाढलेली असते. पाठीचे किंवा पोटाचे जुने दुखणे घेऊन तो एखादवेळी दवाखान्यातही येऊन गेलेला असतो. पीक आणि कर्ज यांची व्यवस्था सरकारने करावीच. त्या माणसाला त्या महिन्यात कुणीतरी गाठणे, हे आरोग्यसेवेचे काम. सेवाग्राम आणि सावंगीच्या डॉक्टरांनी त्या काळात या आत्महत्यांवर अभ्यास करून हाच मुद्दा लावून धरला : कारणे अनेक, म्हणून उपायही अनेक हातांनी व्हायला हवा.

उंबरठ्यावरची विचारपूस

२०१५ हे वर्ष या वाटचालीत वळणाचे. त्या वर्षी शासनाने यवतमाळ आणि तेव्हाचे उस्मानाबाद, आजचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत 'बळीराजा चेतना अभियान' सुरू केले. गावपातळीवर समिती नेमून अडचणीतले कुटुंब ओळखणे आणि त्याला वेळेवर आधार देणे हा त्याचा हेतू. याच सुमारास आरोग्य विभागाने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला. शेतकऱ्यांच्या समुपदेशनाची ही आरोग्यसेवा. आशाताईने घरोघर जाऊन प्रश्नावलीच्या आधारे ताणाखालची माणसे ओळखायची, त्यांना आरोग्य केंद्रात पाठवायचे. जिल्हा पातळीवर मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांच्या पथकाने पुढचे उपचार करायचे. आणि १०४ या क्रमांकावर फोनवरूनही बोलायची सोय ठेवायची.

या योजनेचा कणा आशाताई होती आणि आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. ती त्याच गावची सून. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण दोन दिवस शेतात दिसला नाही, कोणाच्या बाईने माहेरी निरोप धाडला, हे तिला कागद न उघडता कळते. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोगाच्या गोळ्या, सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली, तुटपुंज्या मोबदल्यावर तिने हेही काम अंगावर घेतले.

पुढे आरोग्य उपकेंद्रांचे रूप बदलले, समुदाय आरोग्य अधिकारी आले आणि तिशीपुढच्या प्रत्येकाचा 'सीबॅक' फॉर्म भरणे सुरू झाले. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या चौकशीबरोबर त्या फॉर्मात मनाविषयी दोनच प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत एखादी गोष्ट करण्यात रस वा आनंद वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटत होते का? उत्तरांचे गुण तीनच्या वर गेले की त्या माणसाला पुढे पाठवायचे. दिसायला दोन ओळी. पण कंबरेचा घेर आणि तंबाखूच्या सवयीच्याच कागदावर, त्याच शाईत मनाची नोंद होऊ लागली. या लेखाच्या सुरुवातीला जो रिकामा केसपेपर पाहिला, त्याला मिळालेले हे पहिले छापील उत्तर आहे.

२०१७ चा पावसाळा

त्या वर्षी कापूस डोक्याइतका वाढला होता आणि अळीही. जुलैपासून फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यांत येऊ लागले. ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक जण दगावले आणि शेकड्यांनी माणसे भरती झाली. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. महाविद्यालयाच्या रुग्णालयातील वॉर्डांनी तो काळ कसा काढला, हे तिथल्या परिचारिकांना आणि निवासी डॉक्टरांना विचारावे.

शरीर आणि मन यांचे उपचार वेगळे करता येत नाहीत, हे त्या वॉर्डाने जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसेल. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील विष मज्जातंतूंवर आघात करते : घाम, लाळ, आकुंचलेल्या बाहुल्या, श्वास लागणे. उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यावे लागते आणि त्याची मात्रा जास्त झाली की रुग्ण भ्रमात जातो. तो उठून पळतो, सलाईन उपटतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. विषानेही गोंधळ उडतो आणि उताऱ्यानेही. अशा वेळी 'हा वेडा झाला' म्हणून चालत नाही. बाहुल्या, नाडी, त्वचेचा कोरडेपणा पाहून मात्रा ठरवावी लागते. खाटेजवळ ओळखीचा माणूस बसवावा लागतो. हात बांधण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो. पहिला धोका टळल्यावर एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, तर काहींच्या हातापायांत दोन-तीन आठवड्यांनी अशक्तपणा येतो. घरी गेलेल्या मजुराचा हात काम करेनासा होतो, झोपेत फवारणीची स्वप्ने पडतात, चिडचिड वाढते. त्याला न्यूरॉलॉजी, मेडिसिन, मानसोपचार आणि रोजगार असे सगळेच लागते; आणि यवतमाळला येण्याचे भाडे एकाच खेपेचे असते.

त्याच वॉर्डात दुसरेही रुग्ण होते आणि दरवर्षी असतात : ज्यांनी विष स्वतः घेतले. पोलिसाचा जबाब, मेडिको-लीगल केस (एमएलसी) म्हणून नोंद, खाटेभोवती नातेवाईक. 'फवारताना तोंडात गेलं' असे सांगितले जाई, कारण भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ ची भीती होती. खरे कारण दडले की खरा उपचारही दडे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे, उलट सिद्ध होत नाही तोवर, मानले जाईल, त्याला शिक्षा होणार नाही आणि त्याची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्याच्या कलम ११५ ने ठरवले. मानसिक आरोग्याच्या सेवा प्राथमिक केंद्रापासून वरपर्यंत सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळाव्यात, हेही याच कायद्याने बंधनकारक केले. पोलिसाच्या वहीतून ते दुःख डॉक्टरच्या केसपेपरवर आले, हा फार मोठा बदल आहे.

शेजाऱ्यांकडून मिळालेली खात्री

आपण जे करतो आहोत ते खरोखर उपयोगी पडते का, ही शंका थकलेल्या कार्यकर्त्याला येतेच. तिचे उत्तर जवळपासच मिळते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचार शिकवले, समुपदेशक नेमले, मनोविकारतज्ज्ञांना गावाजवळ आणले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतील जेमतेम ४.३ जण कुठेतरी मदत घेत. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ झाले. वऱ्हाडातली माणसे बोलत नाहीत, हा समज त्या आकड्याने खोडून काढला. विचारणारा भेटला की माणसे बोलतात.

गोव्यात 'संगाथ' संस्थेने २४ दवाखान्यांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांना साध्या ओपीडीत बसवून पाहिले. सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य-चिंतेचे ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर झालेला जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास तर प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लावावा असा आहे. सुटी देण्याआधी तासभर निवांत बोलणे आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन वा भेट, एवढेच केले. ज्यांना हे मिळाले त्यांच्यातील आत्महत्येचे मृत्यू ०.२ टक्के, इतरांत २.२ टक्के. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो एक फोन नंबर, एक वही आणि आठवण ठेवणारे माणूस.

गुंतागुंतीचे रुग्ण

ज्यांच्यासाठी ही सारी धडपड आहे ते बहुतेक रुग्ण एका आजाराचे नसतात. मधुमेह असलेल्या बाईला उदासी आली की ती पथ्य सोडते, गोळी विसरते आणि साखर चढते. मग 'तुम्ही ऐकतच नाही' म्हणून रागावणे ऐकते. चेन्नई, दिल्ली, विशाखापट्टणम आणि बंगळूर येथील ४०४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की एकच समन्वयक साखर आणि मन या दोन्हींचा पाठपुरावा करू लागला की दोन्ही सुधारतात. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात कधी सायक्लोसेरीन द्यावे लागते. त्याने भ्रम, घबराट, जीव नकोसा वाटणे असे परिणाम होऊ शकतात. ते वेळीच ओळखले नाहीत तर रुग्ण गोळ्याच टाकून देतो. कोलाम, गोंड, परधान वस्त्यांतून येणारा सिकलसेलचा तरुण दर काही महिन्यांनी असह्य वेदनेने तळमळत येतो. त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणे, हाच त्याच्या मनावरचा पहिला उपचार. दारू सोडू पाहणाऱ्याला तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागून भ्रम होतो, तेव्हा त्याला मार नको, मेडिसिनचा बेड हवा. गावोगाव दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या या जिल्ह्यातील बायांना हे दुःख कोणत्याही तज्ज्ञाइतके कळते.

आणि शेवटी तो रुग्ण, ज्याला आपण बहुतेक विसरतो : वर्षानुवर्षे स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेणारा. तीव्र मनोविकाराची माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात. ती जातात हृदयविकाराने, मधुमेहाने, न तपासलेल्या खोकल्याने. त्यांनी छातीत दुखते म्हटले तर 'याचे नेहमीचेच' म्हणून सोडून दिले जाते. मेडिसिनमध्ये मनाची विचारपूस व्हावी, तशी मानसोपचाराच्या ओपीडीत वजन, रक्तदाब आणि साखर मोजली जावी. समन्वय दोन्ही बाजूंनी व्हायला हवा.

ऋणनिर्देश आणि उरलेले काम

या सेवेत राबलेल्यांची नावे लिहू गेलो तर स्मरणिका पुरणार नाही. मात्र अपघात विभागात रात्रभर अंबू बॅग दाबत बसलेला इंटर्न, भ्रमात शिव्या देणाऱ्या रुग्णाचे तोंड पुसणारी परिचारिका, औषधाचा साठा संपू नये म्हणून आधीच मागणी धाडणारा औषधनिर्माता, घरचा पत्ता शोधत झरी-जामणीच्या वस्तीवर गेलेला समाजसेवक आणि चिखल तुडवत दाराशी 'काकाजी, जेवण जाते का?' असे विचारणारी आशाताई, यांच्यावाचून हा इतिहास घडला नसता.

ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा 'टेलिमानस' क्रमांक दिवसरात्र चालू आहे आणि मराठीतही बोलता येते. ज्याला रात्र काढणे कठीण होते त्याने तो जरूर फिरवावा, घरच्यांनीही फिरवावा. पण फोन हा रस्ता आहे, मुक्काम नव्हे. मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत, कंत्राटी समुपदेशकांच्या जागा रिकाम्या पडतात, तालुक्याला महिन्यातून ठरल्या दिवशी पथक पोहोचेलच याची शाश्वती हवी. कापूस वेचून झाला आणि भाव हाती आला की, तसेच पेरणीआधी पैशाची जुळवाजुळव चालते तेव्हा, या दोन्ही काळांत जिल्ह्याच्या मनावर ताण येतो. आरोग्याच्या वेळापत्रकाने या शेतीच्या पंचांगाकडे पाहून आपले दिवस ठरवायला हवेत.

एक मागणी मात्र आजच पुरी करता येईल अशी आहे आणि तिला पैसा लागत नाही. विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाच्या सुटीच्या कार्डावर औषधांच्या खाली आणखी एक ओळ असावी : कुणाला भेटायचे, कोणत्या तारखेला, आणि न आल्यास कोण फोन करील. पहिला रकाना मेडिसिनचा डॉक्टर भरेल, दुसरा समुपदेशक, तिसरा त्या गावची आशा. त्या तीन सह्या एका कागदावर आल्या की माणसाला आपले दुःख तीन खिडक्यांवर तीनदा सांगावे लागणार नाही. खिडकीत पुन्हा 'काय होते?' असे विचारले जाईल, तेव्हा 'छातीत धडधड करते' एवढे सांगून तो थांबेल, आणि समोरचे माणूस म्हणेल, 'बसा. अजून काय काय होते, ते सांगा.'